इंडेक्स आहे, तरी क्वेरी का रखडते?

"कालपर्यंत झटक्यात चालणारी क्वेरी आज लटकली," ही तक्रार डीबीएच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या, कानावर सतत पडते. (क्वेरी म्हणजे डेटाबेसला केलेली विनंती.) पाठोपाठ तोडगाही येतो: "एक इंडेक्स टाकून द्या ना!" पुष्कळदा इंडेक्स, म्हणजे ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेली क्रमवार सूची, आधीपासून असतोच; डेटाबेस तो वापरत नसतो.

वापरला, तर त्याची कमाल बघण्यासारखी आहे. बायर आणि मॅक्राइट यांनी 1970 च्या सुमारास बोइंगमध्ये मांडलेली बी-ट्री ही क्रमाने लावलेली, झाडासारखी रचना आजही बहुतेक डेटाबेसच्या पोटात असते. पोस्टग्रेस या डेटाबेसचं एक पान, म्हणजे साठवणीचा एक ठोकळा, 8 किलोबाइटचं. त्यात पूर्णांकांच्या तीनेकशे नोंदी सहज मावतात आणि प्रत्येक नोंद खालच्या एका पानाकडे नेते. तीन पातळ्यांत 2 कोटी 70 लाख ओळी, चौथी पातळी आली की 810 कोटी! एवढ्या पसाऱ्यातली एक ओळ चार-पाच पानं वाचून हाती लागते.

पण हे सगळं क्रमावर उभं आहे. तारखेच्या कॉलमभोवती वर्ष काढणारं फंक्शन गुंडाळून '= 2024' लिहिलं, की तो क्रम निरुपयोगी ठरतो; डेटाबेस अख्खं टेबल चाळत बसतो. '1 जानेवारी 2024 पासून, 1 जानेवारी 2025 च्या आधी' अशी अट लिहा, तोच इंडेक्स कामाला लागतो. 'कर'ने संपणारी नावं शोधतानाही हीच पंचाईत: शब्दकोश पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो, शेवटच्या नव्हे.

दुसरं कारण जास्त छळतं. कोणत्या वाटेने जायचं हे प्लॅनर ठरवतो, तेही साठवलेल्या आकडेवारीवरून. समजा, 10 कोटी ओळींच्या टेबलात 'प्रलंबित' ओळी मोजक्याच होत्या आणि रात्रीतून अशा 4 लाख भरल्या गेल्या. पोस्टग्रेस आकडेवारी आपोआप ताजी करतो खरा, पण मूळ सेटिंगनुसार साधारण 10 टक्के ओळी बदलल्यावर. इथे म्हणजे कोटभर! तोवर प्लॅनर 'मोजक्याच' समजून प्रत्येक ओळीसाठी, क्वेरीने जोडलेल्या दुसऱ्या टेबलात वेगळी फेरी मारतो. अशा 4 लाख फेऱ्या. मोठा डेटा भरला की लगेच हाताने, आकडेवारी ताजी करणारं अ‍ॅनालाइझ चालवावं, हे माझं ठाम मत.

रोग ओळखायला एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ ही क्वेरीपुढे लावायची आज्ञा आहे. तिच्या निकालात अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी दिसतात. जिथे 5 आणि 4,00,000 असा फरक दिसेल, तिथे आधी बघायचं. मात्र ती क्वेरी खरोखर चालवते. डिलीटपुढे लावलात तर ओळी खरंच उडतील, तेव्हा आधी बिगिन, मग बदल मागे घेणारं रोलबॅक.

आणि प्रत्येक नवा इंडेक्स हा इन्सर्टवरचा, म्हणजे नवी ओळ भरण्यावरचा, भार असतो. न वापरलेले जरूर शोधा, पण काढण्याआधी रेप्लिकावरची, म्हणजे डेटाबेसच्या जुळ्या प्रतीवरची, वापराची आकडेवारीही तपासा: ती वेगळी मोजली जाते, आणि रिपोर्टच्या क्वेरी बहुधा तिथेच चालतात. युनिक इंडेक्सचं स्कॅन, म्हणजे वापराची मोजणी, शून्य दिसलं तरी त्याला हात लावू नका. दुबार नोंदी तोच अडवत असतो.