पोथी कुणाच्या कानासाठी? शास्त्रप्रामाण्याची विदर्भातली वाट

चातुर्मास लागला की नागपुरात प्रवचनं सुरू होतात. महालातल्या जुन्या वाड्यांत, धंतोलीत, मनीषनगरच्या सोसायट्यांच्या हॉलमध्ये. प्रवचन संपल्यावर प्रसाद घेता घेता कुणीतरी विचारतंच: शास्त्र प्रमाण मानायचं, गुरूचा शब्द मानायचा, की स्वतःचा अनुभव? बहुतेक वेळा उत्तर घाईत दिलं जातं. या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे, आणि त्याची काही महत्त्वाची पानं आपल्या विदर्भातच लिहिली गेली.

सुरुवात उपनिषदांपासूनच करावी लागते, कारण शास्त्राच्या मर्यादेची पहिली कबुली शास्त्रानंच दिली आहे. मुंडक उपनिषदात अंगिरस ऋषी शौनकाला दोन विद्या सांगतात, परा आणि अपरा. ऋग्वेदादी चारही वेद ते अपरा विद्येत, म्हणजे खालच्या पायरीवर ठेवतात. कठोपनिषद तर स्पष्टच म्हणतं, ‘नायमात्मा प्रवचनेन लभ्यो न मेधया न बहुना श्रुतेन’, हा आत्मा प्रवचनानं, बुद्धीनं किंवा पुष्कळ ऐकून मिळत नाही. छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू बारा वर्षं वेद शिकून, चोविसाव्या वर्षी मोठ्या दिमाखात घरी येतो. बाप उद्दालक त्याला वडाचं फळ आणायला सांगतो. फोड म्हणतो. आत बारीक बिया दिसतात. त्यातली एक फोड. आता काय दिसतं? काहीच नाही. त्या न दिसणाऱ्यातूनच एवढा वड उभा आहे, आणि ते तूच आहेस, असं बाप सांगतो. पाठांतर झालं होतं, डोळे उघडायचे राहिले होते. आणि ज्या बोलण्यानं ते उघडले, तेच बोलणं पुढे श्रुती, म्हणजे वेदवचन, म्हणून पाठ होऊ लागलं.

म्हणून शास्त्र टाकून द्या, असं उपनिषदांनी म्हटलं नाही. आदि शंकराचार्यांची भूमिका इथे नीट समजून घेतली पाहिजे. ब्रह्म डोळ्यांना दिसत नाही, नुसत्या तर्कानंही हाती लागत नाही, तेव्हा ते जाणण्याचं साधन शास्त्रच. ‘शास्त्रयोनित्वात्’ या ब्रह्मसूत्रावरचं त्यांचं भाष्य हेच सांगतं. पण आधीच्याच सूत्राच्या भाष्यात ते म्हणतात की ब्रह्माच्या बाबतीत श्रुती जशी प्रमाण, तसाच अनुभवही प्रमाण. श्रवण, मनन, निदिध्यासन, म्हणजे ऐकणं, विचार करणं आणि त्याचंच ध्यान धरणं, हा क्रम त्यासाठीच. तत्त्व म्हणून ही मांडणी मला आजही अपुरी वाटत नाही. खोट दुसरीकडे होती. त्याच भाष्यात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला आहे. इतिहास-पुराणं ऐकायला मात्र चारही वर्णांना मोकळीक आहे. ग्रंथ प्रमाण ठरला, पण तो कुणाच्या कानावर पडणार हेही ठरवून टाकलं गेलं.

इथे विदर्भ पुढे येतो. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी मराठीत निरूपण केलं. त्यांचे गुरू गोविंदप्रभू अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या आणि लीळाचरित्र हे त्यांचं चरित्र सिद्ध केलं. केसोबासांनी स्वामींची वचनं निवडून सूत्रपाठ रचला. हे केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्यांना थांबवलं. का, तर ‘माझ्या म्हाताऱ्या नागवतील’. पंथातल्या संस्कृत न कळणाऱ्या वृद्ध स्त्रिया धर्माला मुकतील, ही त्यांची चिंता. शास्त्राची भाषा कोणती असावी हा निर्णय एका आचार्यानं म्हाताऱ्यांकडे बघून घेतला, याचा विदर्भातल्या माणसाला अभिमान वाटलाच पाहिजे.

1290 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. अठराव्या अध्यायात ज्ञानदेव वेदाला सरळ कृपण म्हणतात: ‘वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि’. तीनच वर्णांच्या कानाशी लागलेल्या वेदाची ती उणीव भरून काढायला तो गीतेच्या रूपानं पुन्हा आला, अशी त्यांची मांडणी आहे. वेद नाकारायचा नाही, त्याची दारं उघडायची. पुढे तुकोबांनी ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा’ म्हणत त्या अर्थावर हक्कच सांगितला.

या वाटेवरचा मला सर्वांत जवळचा माणूस म्हणजे गुलाबराव महाराज (1881–1915). अमरावती जिल्ह्यातल्या कुणबी घरात जन्म, आणि तान्हेपणीच दृष्टी गेलेली. एकही पान त्यांनी डोळ्यांनी वाचलं नाही. इतरांकडून ग्रंथ वाचून घ्यायचे, ऐकून लक्षात ठेवायचे, आणि स्वतःचे ग्रंथ तोंडी सांगून लिहवून घ्यायचे. चौतीस वर्षांच्या आयुष्यात मराठी, हिंदी, संस्कृतात शंभराहून अधिक रचना झाल्या. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. शास्त्रप्रामाण्य त्यांनी कधी सोडलं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. भक्तीचा माणूस म्हणजे शास्त्राला न जुमानणारा, हा समज त्यांच्यापाशी टिकत नाही.

नागपुरात 1928 मध्ये सुरू झालेल्या धंतोलीच्या रामकृष्ण मठानं उपनिषदं आणि भाष्यं सोप्या मराठीत, परवडेल अशा किमतीत घरोघरी नेली. कित्येक घरांत शंकराचार्य पहिल्यांदा पोचले ते याच मठाच्या पुस्तकांतून.

पण नागपुरात बसून शास्त्रप्रामाण्यावर लिहायचं आणि दीक्षाभूमी वगळायची, हे प्रामाणिकपणाचं होणार नाही. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. जातीला शास्त्राचा आधार आहे, तेव्हा त्या शास्त्राचं प्रामाण्यच नाकारलं पाहिजे, हा डॉ. आंबेडकरांचा युक्तिवाद होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी या शहरात लाखो लोकांसह त्यांनी धर्मांतर केलं. वेद ही श्रुती वेगळी, मनुस्मृतीसारखी स्मृती वेगळी, असं म्हणून प्रवचनकाराला या प्रश्नातून सुटता येत नाही. वेद ऐकण्याची बंदी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यातही आहेच.

धर्मांतराच्या आदल्याच वर्षी, 1955 मध्ये, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आली. एक्केचाळीस अध्याय, ओवी तीच जुनी, पण विषय ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती, श्रमसंपत्ती. शाळा फारशी न शिकलेल्या या संताचं नाव 2005 पासून नागपूर विद्यापीठाला आहे. शास्त्राचा अर्थ गावाच्या नालीपर्यंत, झाडूपर्यंत आणला म्हणून ग्रामगीतेला कुणी कमी लेखू नये. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या गुरुकुंज मोझरीला आणि विदर्भातल्या अनेक खेड्यांत ती आज पोथी म्हणूनच वाचली जाते, आणि ऐकायला कुणीही बसू शकतं.