काना गळाला कुठं?

तुरीच्या हंगामातली सकाळ. फोनवर एक कास्तकार बोलत होता, "भाऊ, तुमच्या लिंकमधी आमचं राळेगाव नाही दिसून राह्यलं. इथं तं ‘रस’ लिवलं हाये, अन् पुढं कचराच कचरा."

आमच्या वणी भागातल्या एका शेतकरी गटासाठी मी एक छोटं वेबपान बनवलं होतं. तूर घेऊन कोणत्या दिवशी यायचं त्याचं टोकन व्हॉट्सअॅपवर लिंक म्हणून जायचं, आणि त्या लिंकच्या पोटातच तालुक्याचं नाव बांधलेलं असायचं. वणीवाल्यांना वणी दिसत होतं, मूलवाल्यांना मूल आणि चिमूरवाल्यांना चिमूर. वरोऱ्याचं मात्र ‘वरोर’ होऊन पुढे काळ्या शंकरपाळ्यातलं एक प्रश्नचिन्ह येत होतं, आणि राळेगावचा तर रसच निघाला होता. कोड सगळ्यांना एकच होता. चूक माझीच होती, पण ती सापडायला दोन दिवस गेले, कारण मी गावांकडे बघत होतो. बघायचं होतं ते कान्याकडे.

नाव सरळ मराठीत का नाही ठेवलं? लिंकमध्ये देवनागरी अक्षर चालत नाही. ब्राउझर त्याचं टक्क्याच्या खुणांचं रूप करतो, आणि त्यात एका अक्षराची नऊ चिन्हं होतात. ‘वरोरा’ आपल्याला तीन अक्षरी दिसतं, पण संगणक मात्रा आणि काना वेगळे मोजतो: व, र, ओची मात्रा, र, काना. पाच नग, पंचेचाळीस चिन्हं. लिंक वावराच्या धुऱ्याएवढी लांब होते. म्हणून मी बेस६४ नावाची जुनी पद्धत घेतली. तिच्यात तेच नाव वीस चिन्हांत बसतं.

ही पद्धत समजायला पाढे पाठ असले की पुरे. संगणकाचा बाइट म्हणजे आठ बिटांचा गठ्ठा, शून्य आणि एक यांची आठ घरं. तीन बाइट घेतले की आठ त्रिक चोवीस बिटं. तीच चोवीस बिटं सहा-सहाच्या वाट्यांत मोजली की सहा चोक चोवीस, म्हणजे चार वाटे. तीन क्विंटल तूर शंभर किलोच्या तीन पोत्यांतून काढून पंचाहत्तर किलोच्या चार कट्ट्यांत भरावी, तसं. दाणा तोच, वजन तेच, कट्टे तेवढे वाढले.

सहा बिटांत शून्यापासून त्रेसष्टपर्यंत चौसष्ट आकडे लिहिता येतात. प्रत्येक आकड्याला एक साधं चिन्ह नेमून दिलं आहे: ० ते २५ साठी इंग्रजी मोठी अक्षरं, २६ ते ५१ साठी लहान, ५२ ते ६१ साठी दहा अंक. इथवर बासष्ट झाले. दोन कमी पडले, म्हणून ६२ या आकड्याला अधिकचं चिन्ह + आणि ६३ ला तिरकी रेघ / भरती केली. हे दोन भरतीचे गडी ध्यानात असू द्या, पुढे सगळा घोळ त्यांचाच आहे.

एवढा खटाटोप मुळात कशासाठी? १९८२ साली ठरलेला ई-मेलचा नियम सात बिटांचा होता. इंग्रजी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं तेवढ्यात मावत. आठवं बिट वाटेत कुठे गळलं तर तक्रार करायची सोय नव्हती. यूटीएफ-८ म्हणजे अक्षरांचे बाइट करायची आजची रूढ पद्धत. तिच्यात आपला ‘क’ २२४, १६४, १४९ असे तीन बाइट घेतो. तिघांचंही आठवं बिट गेलं तर उरतात ९६, ३६ आणि २१: एक उलटं अवतरणचिन्ह, एक डॉलरचं चिन्ह आणि एक न दिसणारं काहीतरी. फोटोची अवस्था तर विचारूच नका. मग १९८७ मध्ये सुरक्षित ई-मेलसाठीच्या एका मसुद्यात ही चौसष्ट चिन्हांची मांडणी आली. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ई-मेलला फोटो-आवाज जोडायची जी पद्धत मांडली, तिच्यात तीच वापरली. आज आपण ज्याला अटॅचमेंट म्हणतो त्याचा जन्म हा.

ब्राउझरमध्ये यासाठी दोन फंक्शनं तयार मिळतात, बी-टू-ए आणि ए-टू-बी. बी म्हणजे बायनरी, कच्चे बाइट. ए म्हणजे आस्की, साधा मजकूर. पहिलं बांधतं, दुसरं सोडतं. नावं इतकी तोटकी की आजही मी दर वेळी उलटं लिहितो आणि मग सुधारतो.

बी-टू-ए मध्ये थेट ‘वरोरा’ टाकलं तर ते आतच घेत नाही, ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणून बाहेर फेकतं. त्याच्या लेखी एक अक्षर म्हणजे एक बाइट, आणि बाइटात २५५ च्या वरचा आकडा बसत नाही. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी, तिच्यात ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. आपली रोजची देवनागरी २३०४ ते २४३१ च्या पट्ट्यात राहते, तेव्हा तिच्यातलं एकही अक्षर या दारातून आत जात नाही. उपाय सोपा आहे. आधी टेक्स्ट एन्कोडर वापरून मजकुराचे यूटीएफ-८ बाइट करून घ्यायचे आणि ते बी-टू-ए ला द्यायचे. हे मी केलं होतं. वणी आणि मूल दिसले, आणि काम झालं असं समजून मी चहा प्यायला गेलो.

आता ‘क’ उघडून बघू. तीन बाइट असे: १११००००० १०१००१०० १००१०१०१. सहा-सहाचे वाटे केले तर: १११००० ००१०१० ०१००१० ०१०१०१. म्हणजे ५६, १०, १८, २१. तक्त्यात बघितलं की ५६ म्हणजे अंक चार, १० म्हणजे मोठा के, १८ म्हणजे मोठा एस, २१ म्हणजे मोठा व्ही. ‘क’ झाला चार-के-एस-व्ही.

‘र’ करून बघा: चार-के-एस-लहान डब्ल्यू. ‘व’: चार-के-एस-एक. दर वेळी तेच चार-के-एस. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये बरोबर तीन बाइट घेतं, आणि बेस६४ चा एक हप्ताही बरोबर तीन बाइटांचाच. दोन्ही चौकटी एकमेकींवर अचूक बसतात, त्यामुळे एका अक्षराला चार चिन्हं मिळतात. त्यातली पहिली तीन कायम चार-के-एस असतात, किंवा पट्ट्याच्या दुसऱ्या अर्ध्यातल्या दीर्घ वेलांटी, मात्रा, हलन्त वगैरेंसाठी चार-के-डब्ल्यू. अक्षराची खरी ओळख चौथ्या चिन्हात असते. एकदा हे कळलं की कुठल्याही सिस्टिमच्या नोंदवहीत चार-के-एस, चार-के-एस अशी रांग दिसली की न उघडताच सांगता येतं, आत मराठी आहे. हिंदी किंवा नेपाळीही असू शकेल म्हणा. (म्हणूनच पासवर्ड बेस६४ करून ‘लपवणारे’ लोक भेटले की मला हसू येतं. हे कुलूप नाही, नुसती सुतळीची गाठ आहे. कोणीही सोडू शकतो.)

तर मग काना. त्याचा क्रमांक २३६६, आणि शेवटची सहा बिटं १११११०. म्हणजे बासष्ट, म्हणजे अधिक. त्याच्या लगेच पुढची ऱ्हस्व वेलांटी, क्रमांक २३६७, सहाच्या सहा बिटं एक. म्हणजे त्रेसष्ट, म्हणजे तिरकी रेघ.

मी खुर्चीतून उठलोच. देवनागरीच्या पूर्ण पट्ट्यात शंभरावर चिन्हं आहेत. भरतीच्या त्या दोन वांड गड्यांच्या वाट्याला कोण यावं, तर काना आणि पहिली वेलांटी. कान्याशिवाय मराठीचं पानही हलत नाही.

आणि अधिक वांड का? वेबच्या सुरुवातीच्या काळात फॉर्ममधून माहिती पाठवताना मोकळ्या जागेऐवजी अधिकचं चिन्ह लिहायची रीत पडली. ती आजही आहे. लिंकमध्ये एक प्रश्नचिन्ह टाकून त्यापुढे माहिती जोडतात, मीही नाव तिथेच ठेवलं होतं. त्या भागात + आलं की वाचणारा त्याची मोकळी जागा करतो. पुढे ए-टू-बी ला ती मोकळी जागा दिसते आणि तो ती गुपचूप गाळतो. तोही बिचारा जुन्या वळणाचा. ई-मेलमध्ये बेस६४ च्या ओळी फार तर ७६ चिन्हांच्या असत, तेव्हा उतरवताना मधल्या तुटक्या जागा सोडून द्यायची सवय या पद्धतीला आधीपासून आहे. अशा रीतीने काना दोन हातांतून जातो आणि दोघंही आपापल्या नियमाने बरोबरच वागतात.

‘वरोरा’चा काना शेवटी, म्हणून नुकसान थोडं. शेवटच्या अक्षराचे दोनच बाइट उरले आणि प्रश्नचिन्ह आलं. राळेगावात काना दुसऱ्या क्रमांकावरच. तिथलं + गळाल्यावर मागची पूर्ण पंगत एक पाट पुढे सरकली. कान्याच्या चार-के-एसला चौथं चिन्ह उरलं नाही, म्हणून त्याने पुढच्या ‘ळ’चं पहिलं चिन्ह ओढून घेतलं, अंक चार. चार-के-एस-चार म्हणजे तक्त्यात कोण? ‘स’. ‘र’ आधीच नीट उतरला होता, त्याला ‘स’ मिळाला. रस! त्यानंतर प्रत्येकाच्या ताटात दुसऱ्याचा घास, म्हणून कंस, स्वल्पविराम, टक्क्याची खूण आणि प्रश्नचिन्हं. वणी, मूल, वरुड, मोर्शी, उमरखेड यांच्यात कानाच नाही, म्हणून ती सुखरूप.

मला वाटलं, सापडलं. नाव लिंकमधल्या प्रश्नचिन्हापुढे ठेवायचंच नाही, लिंकच्या मुख्य वाटेतच ठेवू. तिथे माझा सर्व्हर अधिकला हात लावत नाही. तसं केलं, आणि वरोरा उठून बसलं, राळेगाव पूर्ण दिसलं. तासाभरात चिमूरचा फोन: पानच उघडत नाही. साहजिक होतं. ‘चि’च्या वेलांटीची तिरकी रेघ झाली होती, आणि लिंकच्या वाटेत तिरकी रेघ म्हणजे पुढचा फोल्डर. सर्व्हर ‘च’ नावाच्या खोलीत शिरून तिथे ‘मूर’ शोधत होता.

जोडशब्दाचं आणखी वेगळंच. नावात मोकळी जागा आली की तिचा एकच बाइट असतो, आणि तिच्यापुढे तीन-तीनची चौकट सरकते. मग काना सुटतो, पण ‘ग’ आणि ‘ळ’सारखी अक्षरं अधिकच्या तावडीत सापडतात. तेव्हा ‘काना असलेली नावं वेगळी हाताळू’ असलं ठिगळ लावून भागत नाही. मी तेही करून बघणार होतो, हे कबूल करतो.

यात कोणाचं चुकलं म्हणावं? चौसष्ट चिन्हांचा तक्ता १९८७ चा. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी आली भारताच्या १९८८ च्या इस्की या मानकावरून. यूटीएफ-८ ची रचना केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर बेतली. मोकळ्या जागेसाठी अधिक लिहायची रीत वेबच्या फॉर्मांची. चौघांनी चार ठिकाणी, एकमेकांना न विचारता आपापलं काम चोख केलं, आणि ती चारही कामं वरोऱ्याच्या शेवटच्या कान्यावर येऊन धडकली. इंग्रजी मजकुरात असा अपघात इतका हमखास होत नाही. साध्या इंग्रजी मजकुराच्या बाइटांतून + क्वचितच तयार होतं, म्हणून तिकडच्या चाचणीत अशी चूक महिनोन्महिने लपून राहू शकते. आपल्याकडे ती काना असलेल्या पहिल्याच गावात पकडली जाते. आम्ही मराठीत चाचणी करतो यावर नाक मुरडणाऱ्यांना मी आता हे ऐकवतो.

उपाय जुनाच आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये बेस६४ चे नियम नव्याने लिहिले गेले, त्यात लिंकसाठी वेगळा तक्ता दिला आहे. बाकी बासष्ट चिन्हं तीच, फक्त + च्या जागी - आणि / च्या जागी _. अडचण इतकीच की बी-टू-ए आणि ए-टू-बी ना हा तक्ता ठाऊक नाही. बांधल्यावर आपल्या हाताने दोन चिन्हं बदलायची, सोडण्याआधी परत फिरवायची. ताज्या ब्राउझरांत बाइटांच्या रांगेलाच ‘टू-बेस६४’ अशी सोय आली आहे, तिला कुठला तक्ता हवा ते सांगता येतं आणि मधली उलाढाल वाचते. पण खेड्यातले फोन सगळे ताजे नसतात. मी अजून दोन चिन्हं हातानेच बदलतो.

फोटोंसाठी मात्र मी ही पद्धत टाळतो. तीनाचे चार म्हणजे तीन एमबीचा फोटो चार एमबीचा होतो, आणि पावसात पडलेल्या पऱ्हाटीचा फोटो बांधावरून पाठवणाऱ्याला एका कांडीच्या सिग्नलवर तो जादाचा एक एमबी फार जड जातो. फोटो बाइटांच्याच रूपात पाठवायची सोय आहे, ती वापरावी. तसंही जेपीईजी फोटो बेस६४ केला की त्याचं पहिलंच चिन्ह तिरकी रेघ असतं. चिमूरची गत तिथेही ठरलेलीच.

हल्ली नवीन काही बनवलं की चाचणीला वणी घेत नाही, मूल घेत नाही. पहिलं नाव टाकतो ते हिंगणघाट. ‘हि’त वेलांटी आहे, ‘घा’त काना.