ताडोबाची सफारी : मुंबईहून जाणाऱ्यांसाठी परवाना, कागदपत्रे आणि कामांचा क्रम

मुंबईतील बहुतेक कुटुंबे ताडोबाचा बेत रेल्वेच्या तिकिटांपासून सुरू करतात, मग राहण्याची सोय पाहतात आणि सफारीचे आरक्षण सर्वांत शेवटी हाती घेतात. हा क्रम उलटा असायला हवा, कारण तिकीट किंवा खोली थोडे अधिक पैसे मोजून ऐनवेळी मिळू शकते, पण जंगलात सोडल्या जाणाऱ्या गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि ती भरली की पैसे देऊनही काही होत नाही.

सफारीच्या कागदाला आपण सवयीने तिकीट म्हणतो, प्रत्यक्षात तो प्रवेशाचा परवाना आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ ने अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध घातले आहेत. कलम २८ नुसार अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठी शुल्क आकारून परवाना देता येतो, आणि हीच तरतूद ताडोबासारख्या राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होते. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील, म्हणजे वाघांसाठी राखलेल्या आतल्या जंगलातील, पर्यटन सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये काही काळ थांबवले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांच्या अधीन राहून ते पुन्हा सुरू झाले. गाड्यांवरील मर्यादा, सोबत गाइड असण्याची सक्ती आणि नावानिशी परवाना या गोष्टींकडे त्या पार्श्वभूमीवर पाहावे.

पात्रतेच्या अटी मोजक्याच आहेत. महाराष्ट्राचा रहिवासी असणे आवश्यक नाही. परदेशी नागरिकांनाही प्रवेश मिळतो, मात्र त्यांना पारपत्र द्यावे लागते. खरी अट ओळखीची आहे. वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर आरक्षण करताना प्रत्येक पर्यटकाचे नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो, आणि प्रवेशद्वारावर तेच ओळखपत्र मूळ स्वरूपात दाखवावे लागते. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन चालवण्याचा परवाना, पारपत्र यांपैकी एक निवडावे आणि सगळी माहिती त्याच्याकडे पाहूनच भरावी. आपल्याकडे लग्नानंतर आधारवर सासरचे नाव आणि पारपत्रावर अजून माहेरचे, असे सर्रास आढळते. अशा वेळी अर्ज एका ओळखपत्रावरून आणि पर्समध्ये दुसरे, अशी गफलत झाली तर पहाटे प्रवेशद्वारावर खुलासा करत बसण्याला अर्थ नसतो. लहान मुलांचे आधारही सोबत घ्यावे. परवाना नावावर असल्यामुळे आयत्या वेळी काकांच्या जागी मामा, असा बदल गृहीत धरू नये.

सफारीच्या उघड्या गाडीत, म्हणजे जिप्सीत, सहा पर्यटक बसतात. प्रवेश शुल्क, गाडीचे भाडे आणि गाइडचे शुल्क मिळून होणारा खर्च सहा जणांत वाटला गेला तर परवडतो, म्हणून चौघांच्या कुटुंबाने ओळखीतल्या आणखी दोघांना आधीच विचारलेले बरे. शनिवार, रविवार आणि सुट्ट्यांचे दर अधिक असतात. मंगळवारी ताडोबा बंद असते, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर या पावसाळी काळात गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद ठेवले जाते.

सर्वांत जास्त विचार प्रवेशद्वार निवडताना करावा, आणि नेमका तोच कमी केला जातो. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही गाभा क्षेत्राची प्रवेशद्वारे जंगलाच्या वेगवेगळ्या अंगांना आहेत. मोहर्ली चंद्रपूरकडून जवळ पडते, तर नागपूरहून उमरेड-चिमूर मार्गे येणाऱ्यास कोलारा सोयीचे. खोली मोहर्लीला आणि परवाना कोलाऱ्याचा असेल तर मध्ये जंगल असल्याने बाहेरून लांबचा वळसा घ्यावा लागतो आणि पहाटेची वेळ हुकते. म्हणून आधी परवाना आणि मग त्याच प्रवेशद्वाराजवळ खोली घ्यावी. गाभा क्षेत्राचे आरक्षण मिळाले नाही म्हणून बेत रद्द करण्याचेही कारण नाही. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा या बफर क्षेत्रातील, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील, प्रवेशद्वारांवरूनही सफारी होते आणि वाघ सीमारेषा पाहून चालत नाहीत.

आता रेल्वे. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून संध्याकाळी-रात्री सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतो सकाळी नागपूरला पोहोचवते. त्याच दिवशीच्या दुपारच्या फेरीचा परवाना काढण्याचा मोह होतो, पण गाडीला उशीर झाला तर प्रवेशद्वार आपल्यासाठी थांबत नाही. पहिली फेरी दुसऱ्या दिवशी सकाळची ठेवावी.

उघड्या जिप्सीतून तीन-चार तास खडबडीत वाटेने जायचे असते. पाठीचा किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच नाव नोंदवावे. मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, तर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मुंबईकरांना कल्पना नसेल एवढी थंडी वाजते. मातकट किंवा हिरव्या रंगाचे सुती कपडे, टोपी, थंडीत कानटोपी आणि पाण्याची पुन्हा भरता येणारी बाटली एवढे पुरते. गाडीतून खाली उतरणे, प्राण्यांना डिवचणे किंवा कचरा टाकणे हे नुसते गैरवर्तन नसून कायद्याने निषिद्ध आहे.

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे परवाना फोनमध्ये आहे या भरवशावर राहू नये. त्याच्या दोन छापील प्रती काढून एक कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावी. फोटो काढायचे असतील तर वेगळा कॅमेरा न्यावा, आणि मोठ्या लेन्ससाठी वेगळे शुल्क आहे का हे आरक्षण करतानाच पाहून घ्यावे.