जुनी खुर्ची आधी उलटी करा

बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांतून निघणारी प्रत्येक वेताची खुर्ची ‘सरकारांच्या काळातली’, म्हणजे गायकवाड महाराजांच्या काळातली असते, निदान विकणाऱ्याच्या मते. कोरीवकाम आजही करून मिळतं आणि पॉलिश काळपट करणं तर त्याहून सोपं. म्हणून जिथं कुणी सजावट करायला जात नाही, तो तळ बघायचा.

बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला करवतीच्या खुणा राहतात. कमानीसारख्या रेघा असतील तर लाकूड यंत्राच्या गोल पात्यानं कापलेलं आहे. सरळ रेघांवरून मात्र वय ठरत नाही. आपल्याकडे हातकरवत विसाव्या शतकातही भरपूर चालली. अधिक-चिन्हाच्या खाचेचा स्क्रू 1930च्या दशकात आला. तो एखादाच असेल तर दुरुस्ती झाली असावी. सगळेच तसे असतील आणि जुनी भोकंही दिसत नसतील, तर शंभरीची गोष्ट सोडून द्या.

किडीची भोकं फसवतात. भुंगेरा बाहेर पडतो तेव्हा पृष्ठभागावर बारीक गोल भोक पडतं. त्याचे बोगदे आत असतात. पृष्ठभागावरच उघडी, अर्धी चिरलेली नळी दिसली, तर लाकूड कीड लागल्यानंतर कापलेलं आहे, म्हणजे जुन्या तुळईची नवी खुर्ची. भोकाखाली ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे. अशी खुर्ची घरात आणूच नये.

कातीव पाय एकाच उंचीवर, काटकोनातल्या दोन दिशांनी कॅलिपरनं (जाडी मोजायच्या चिमट्यानं) मोजा. लाकूड वाढवलयांच्या कडेनं जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेनं आकसतं. त्यामुळे गोल पाय किंचित लंबगोल होतो. ओलं लाकूड कातलं तर नव्या पायाचंही तेच होतं, तेव्हा हा पुरावा दुय्यम समजावा. लाकडाचं वय काढणाऱ्या कार्बन-14 चाचणीचा इथं उपयोग नाही: 1650 ते 1950 या काळासाठी तिचं उत्तर एकाच वर्षावर न थांबता अनेक शक्यतांत विखुरतं.

पॉलिशसाठी दडलेल्या जागी स्पिरिटचा कापूस टेकवा. चपडी लाखेचं पॉलिश चिकट होतं, पॉलियुरेथेन हे आधुनिक कृत्रिम पॉलिश ढिम्म राहतं. बडोद्याजवळच्या संखेड्याच्या रंगीत लाखकामावर हा प्रयोग करू नका, रंगच उतरेल.

किंमत ठरते ती मूळ भाग किती उरलेत, जोडी आहे का आणि पॉलिश जुनं आहे का यांवर. खुर्ची घासून चकचकीत करणं हा भाव पाडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग. ती अमेरिकेतल्या लेकीकडे पाठवायचा विचार असेल, तर 1972चा पुरावस्तू कायदा आधी पाहा: शंभर वर्षं पुरी झालेली कारागिरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.