बेळगावच्या हवेत बॉल पायथन

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. पंख्याशिवाय झोप लागते म्हणून आपल्याला ही हवा आवडते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून आलेल्या बॉल पायथन या पाळीव सापाला मात्र तीच हवा सोसत नाही. साप अंगात ऊब तयार करत नाही. खाल्लेलं पचवणं, जंतूंशी लढणं, कात टाकणं हे सगळं बाहेरून मिळालेल्या उबेवर चालतं. त्यामुळे पाळलेल्या सापाच्या बहुतेक आजारांचं मूळ तापमानात असतं, आणि ते तापमान राखणं पूर्णपणे माणसाच्या हातात असतं.

त्याआधी कायदा. नाग, धामण, घोणस, अजगर, मांडूळ यांतला कुठलाही देशी साप घरात ठेवता येत नाही, मग तो उसाच्या फडातून वाचवून आणलेला का असेना. मांडुळाला दोन तोंडं नसतात, त्याची शेपूट बोथट असते एवढंच. गुप्तधनाच्या नादानं त्याची जी तस्करी चालते तिचा बळी तो मुका जीव ठरतो. बॉल पायथन विदेशी असला तरी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या (CITES) यादीत आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. साप ताब्यात आल्यापासून त्यासाठी ३० दिवस मिळतात. कोल्हापूर किंवा पुण्याहून साप बेळगावात आणला, तर देणाऱ्याची नोंद आणि हस्तांतराची कागदपत्रं मागून घ्या. साप मेला किंवा पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. कागद नसलेला साप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

हा साप २० ते ३० वर्षं जगतो. आज दहावीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला साप त्याच्या लग्नानंतरही घरात असेल, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवायला हवं.

पूर्ण वाढलेल्या सापाला १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच पेटी लागते. काचेची टाकी दिसायला छान, पण ऊब धरत नाही. सुताराकडून प्लायवूडची पेटी करून पुढे सरकत्या काचा बसवणं इथल्या थंडीला जास्त बरं. वॉर्निश केल्यावर वास पुरता जाईपर्यंत दोन-तीन आठवडे ती रिकामीच ठेवा. आत एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५ ते २७, आणि रात्री कुठेही २४ च्या खाली नाही. दोन्ही टोकांना एकसारखी, अंग घासेल इतकी अरुंद लपायची जागा हवी. ती फक्त उबदार बाजूला असली, तर साप सुरक्षित वाटण्यासाठी नको तेवढ्या उष्णतेत बसून राहतो.

हीटर थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान बघून तो चालू-बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, कधीही लावू नका. नुसता हीट मॅट ४५ अंशांच्या वर जाऊ शकतो. पोटाखालच्या उष्णतेपासून साप वेळेत बाजूला सरकेलच असं नाही, आणि पोटाचे खवले भाजल्याचं कळेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात. थर्मोस्टॅटची वायर जिथे ठेवाल तिथलंच तापमान तो मोजतो. साप रात्री फिरताना ती ढकलतो, वायर गार कोपऱ्यात जाते आणि थर्मोस्टॅट बिचारा हीटर तापवतच राहतो. म्हणून वायर पक्की बांधा, पण चिकटपट्टी पेटीच्या आत नको. तिला चिकटलेल्या सापाची कातडी सोलून निघते. महिन्यातून एकदा वेगळ्या थर्मामीटरनं पडताळा घ्या.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे लाइट गेली तर? ८० वॉटचं हीट पॅनेल थर्मोस्टॅटवर सरासरी निम्मा वेळ चालतं असं धरलं, तर आठ तासांना सुमारे ३२० वॉट-तास लागतात. १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीला हे जड नाही. इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवा आणि पेटीवर गोधडी टाका. हवेच्या फटी मात्र उघड्या राहू द्या.

पावसाळा त्याहून अवघड. जुलैत कपडे वाळत नाहीत, तेव्हा पेटीत पाणी शिंपडायची गरज नसते. आर्द्रता ५५ ते ६५ टक्के पुरे. गारवा आणि ओल एकत्र आले की श्वसनाचा संसर्ग होतो: नाकातोंडाशी बुडबुडे, श्वासात शिट्टी, मान वर करून तोंड उघडं ठेवणं. अशा वेळी घरगुती काढे नकोत, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यच हवा. तो कुठे आहे हे साप आणण्याआधी शोधून ठेवा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलटं होतं, कात तुकड्यातुकड्यांनी निघते. तेव्हा ओलसर शेवाळ घातलेला झाकणाचा डबा, त्याला एक भोक पाडून, आत ठेवा. डोळ्यावर कातीची टोपी राहिली तर चिमट्यानं ओढू नका, डोळा जातो.

खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाएवढाच जाड असावा. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं. बाहेरून ३८ अंशांच्या आसपास गरम झाला की लांब चिमट्यानं पुढे धरा. बॉल पायथनच्या ओठांवरच्या खाचा उष्णता ओळखतात, त्यामुळे गार उंदराकडे तो बघतही नाही. पिल्लाला आठवड्याला एक, मोठ्याला दोन ते चार आठवड्यांनी एक. त्यानंतर ४८ तास हात लावायचा नाही. थंडीत किंवा धसक्यानं त्यानं उलटी केली तर पुढचे १० ते १४ दिवस उपास, मग लहान उंदीर. हिवाळ्यात दोन-तीन महिने न खाणं या जातीत नेहमीचं आहे. म्हणून दर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिहा. दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर पशुवैद्य. आणि दूध कोणत्याच सापाला नको, नागपंचमीलाही नाही.

हाताळण्याआधी साबणानं हात धुवा. बोटांना कोंबडीचा वास असेल तर साप बोटालाच भक्ष्य समजतो. कागदाच्या नळीनं अंगाला हलकेच स्पर्श केला की ही जेवणाची वेळ नाही हे त्याला कळतं. मग एक हात पुढच्या तिसऱ्या भागाखाली, दुसरा मागच्या भागाखाली, आणि डोकं मोकळं. आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं पुरे. डोळे निळसर झाले असतील तर कात होईपर्यंत राहू द्या. चावलाच तर हात हिसडू नका. दात मागे वळलेले असतात, हिसडल्यानं जखम वाढते. थोडं गार पाणी तोंडावर सोडलं की तो सोडतो. नंतर पुन्हा हात धुवा, कारण सापाच्या विष्ठेत साल्मोनेला हा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि आजारी आजी-आजोबा यांना हात लावू देऊ नका.

साप जमिनीचे कंप जबड्याच्या हाडातून ओळखतो. बेळगावची गणेश विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पेटी रस्त्याकडच्या भिंतीला असेल तर आधीच आतल्या खोलीत हलवा, खाली रबराची चटई घाला आणि त्या आठवड्यात खाऊ घालू नका.

साप पेटीतून निसटला तर तो उबेकडे जातो: फ्रीजच्या मागे, इन्व्हर्टरखाली, गिझरजवळ. रात्री खोलीच्या दारांपाशी पिठाचा पातळ पट्टा पसरा. सकाळी पिठातला माग दिशा सांगतो. शेजाऱ्यांनाही लगेच सांगा, नाहीतर तपकिरी ठिपके बघून ते त्याला घोणस समजून मारतील. याच्या उलटही घडतं आणि ते जास्त घातक आहे. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या असतात, पायथनचे डाग वेडेवाकडे असतात. खानापूरकडच्या जंगलाशेजारच्या घरांत पावसाळ्यात घोणसही अंगणात येते. म्हणून परसातल्या धुण्याच्या दगडामागे साप दिसला, तर आपलाच आहे असं धरून हात घालू नका. लांबून टॉर्चच्या उजेडात पाठ बघा, आणि जरा जरी शंका आली तर मुलांना घरात घेऊन वन खात्याला फोन करा.