गाड्यावर नाव, नावेवर गाडा

१९११ साली न्यूझीलंडमधल्या डनिडिन शहरात जॉन मॅकग्रेगर आणि कंपनीच्या कारखान्यात एक जहाज उभं राहिलं. पोलादी पत्रे नुसत्या बोल्टांनी जोडले होते. सांगाडा नीट बसतो आहे याची खात्री झाल्यावर प्रत्येक पत्र्यावर क्रमांक घातला गेला, आणि मग सगळं जहाज पुन्हा सुटं करून मालगाडीत भरलं. ती गाडी दक्षिण बेटाच्या अंतर्भागात, किंग्स्टन नावाच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत गेली. स्टेशनापुढे वाकाटिपू सरोवर. तिथे काठावर क्रमांकांबरहुकूम पत्रे पुन्हा जुळवले, या वेळी कायमचे, आणि २४ फेब्रुवारी १९१२ रोजी 'अर्न्सलॉ' पाण्यात उतरली. कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा ही म्हण आपण नशिबाच्या फेऱ्याबद्दल वापरतो; इथे ती शब्दशः घडली. कारण या बोटीची मालक होती न्यूझीलंडची सरकारी रेल्वे.

रेल्वेला बोट कशाला हवी, याचं उत्तर हिमनदीत आहे.

वाकाटिपू सरोवर हिमयुगात बर्फाच्या प्रचंड प्रवाहांनी कोरून काढलेलं. लांबी सुमारे ८० किलोमीटर, रुंदी मात्र थोडकीच, आणि आकार इंग्रजी एस अक्षरासारखा दोनदा वळलेला. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंच, पण खोली सुमारे ३८० मीटर. म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो. बर्फाने दरी अशी उभी तासली की डोंगर थेट पाण्यात उतरतात आणि रूळ टाकायला काठच उरत नाही.

दक्षिण टोकाची गोष्ट वेगळी. सरोवराचं पाणी एके काळी याच बाजूने बाहेर पडत असे. हिमनदी वितळताना तिने वाहून आणलेल्या दगडमातीचा बांध तिथे राहिला, ती वाट बुजली आणि पाणी दुसऱ्या बाजूने, आजच्या कावाराऊ नदीतून वाहू लागलं. मागे उरली एक रुंद, सपाट दरी. इन्व्हरकार्गिलहून निघालेल्या रुळांना ती आयती मिळाली आणि १८७८ मध्ये गाडी किंग्स्टनला पोहोचली. तिथून पुढे क्वीन्सटाउन आणि त्याही पलीकडे सरोवराच्या माथ्यावरचं ग्लेनॉर्की. तिकडे जायचं तर पाण्यावरूनच. १८६०च्या दशकात सोनं सापडल्यापासून त्या भागात वस्ती वाढली होती आणि खाजगी आगबोटी चालत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेने तो धंदाच विकत घेतला. मला यातली रेल्वेची समज फार आवडते: रूळ संपले तरी उतारूचा प्रवास संपत नाही, हे तिने ओळखलं.

जुन्या बोटी अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा २०,८५० पौंडांत अर्न्सलॉ बांधून घेतली. हे नाव सरोवराच्या माथ्याकडच्या एका हिमशिखराचं. बोटीची लांबी ५१ मीटर, रुंदी जेमतेम सव्वासात मीटर, आणि पाण्याखालचा भाग दोन मीटरांहून थोडा जास्त. लहानसहान धक्क्यांना लागायचं तर बूड उथळ हवंच. नावाआधीच्या 'टीएसएस' या अक्षरांचा अर्थ दोन मळसूत्री पंख्यांची आगबोट. दोन पंख्यांचा फायदा वळताना कळतो: एक पुढे आणि दुसरा उलटा फिरवला की बोट जवळपास जागच्या जागी तोंड फिरवते. अरुंद खाडीत ओढून न्यायला दुसरी नाव नसते, तिथे ही सोय मोलाची.

तिच्या पोटात शिरलं की रेल्वे पुन्हा भेटते. दोन्ही बॉयलर इंजिनगाडीच्या धाटणीचे आहेत. पुढे कोळशाची भट्टी, मागे पाण्याच्या टाकीतून आरपार गेलेल्या नळ्यांचा जुडगा. नळ्यांतून तप्त धूर जातो आणि भोवतालचं पाणी उकळतं. थोड्या जागेत भरपूर वाफ देणारी ही रचना. रेल्वेच्या कारागिरांना ती तोंडपाठ असते.

वाफ मात्र इथे गाडीच्या इंजिनापेक्षा जास्त राबते. रसवंतीवाला ऊस एकदा चरकातून काढून थांबत नाही. चिपाड दुमडून पुन्हा घालतो, तिसऱ्यांदाही घालतो. अर्न्सलॉच्या प्रत्येक यंत्रात वाफ तशीच तीन सिलिंडरांतून पिळून निघते. पहिला सिलिंडर सर्वांत लहान, तिथे दाब सर्वांत जास्त. दाब थोडा उतरला की वाफ मधल्या सिलिंडरात आणि तिथून सर्वांत मोठ्या सिलिंडरात जाते. दाब उतरतो तशी वाफ फुगते, म्हणून पुढचा प्रत्येक सिलिंडर मागच्याहून मोठा. हे सगळं एकाच सिलिंडरात केलं असतं तर शेवटी निवलेल्या वाफेने त्याच्या भिंती थंड झाल्या असत्या, आणि पुढच्या खेपेची ताजी वाफ भिंती तापवण्यातच खर्ची पडली असती. काम तिघांत वाटल्यामुळे प्रत्येकातला तापमानाचा चढउतार कमी राहतो.

शेवटच्या सिलिंडरातून निघालेल्या वाफेचं काय होतं, हा या बोटीतला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग. समुद्रावरच्या जहाजात ही वाफ नळ्यांच्या बाहेरून थंड करावी लागते. खारं पाणी तिच्यात मिसळलं आणि बॉयलरात गेलं तर आत क्षारांचे थर चढतात. घरच्या गीझरमध्ये बोअरच्या पाण्याने काय होतं हे पाहिलेल्याला ते वेगळं सांगायला नको. वाकाटिपूचं पाणी मात्र गोडं आणि बर्फाळ. म्हणून इथे वाफेवर सरोवराच्या पाण्याचा फवारा सरळ मारला जातो. वाफेचं क्षणात पाणी होतं, तिची जागा रिकामी होते, आणि त्या पोकळीमुळे सिलिंडरातली उरलीसुरली ताकदही कामी येते. समुद्रावर परवडली नसती अशी ही साधी युक्ती.

१८ ऑक्टोबर १९१२ रोजी तिचा पहिला अधिकृत प्रवास झाला. पुढची काही दशकं ती त्या खोऱ्याची एस.टी., पोस्टमन आणि किराणा दुकान होती. काठावरच्या मेंढीपालकांची टपाल, पीठ-मीठ जाताना. लोकरीचे गठ्ठे येताना. डेकवर एका खेपेत दीड हजारापर्यंत मेंढ्या मावत. खालून गुरांचा आवाज आणि वर सुट्टीला निघालेले उतारू, असा संसार. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या बोटी ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग त्याच बोटींनी घराघरांत रुजवला.

सरोवरालाही स्वतःचा श्वास आहे. क्वीन्सटाउनच्या खाडीत पाणी दर पंचवीसेक मिनिटांनी सुमारे १० सेंटिमीटर चढतं आणि उतरतं. ही भरती-ओहोटी नव्हे. परातीत पाणी घेऊन ती हलवली की पाणी कडेला डचमळत राहतं, तसंच इथेही होतं. वारा आणि हवेच्या दाबातले फरक पाण्याला हलवतात, आणि डचमळण्याची लय सरोवराच्या लांबी-खोलीवरून ठरते. माओरी लोककथेत हे वेगळं सांगितलं आहे. माताऊ नावाचा राक्षस झोपेत जाळला गेला, त्याच्या देहाच्या आकाराचा हा खड्डा पडला, पण त्याचं काळीज अजून तळाशी धडधडतं. राक्षस कुशीवर, पाय दुमडून झोपला होता असं कथा सांगते, त्यामुळे सरोवराची दोन वळणंही तिच्यात बसतात.

१९३६ मध्ये किंग्स्टन ते क्वीन्सटाउन रस्ता डोंगर फोडून पूर्ण झाला. १९६०च्या दशकात ग्लेनॉर्कीलाही रस्ता गेला. कोकणच्या बोटींचं पुढे जे झालं, ते इथेही व्हायचं होतं: माल ट्रकवर गेला, माणसं मोटारीत बसली, आणि १९६८ मध्ये अर्न्सलॉ मोडीत निघण्याच्या बेतात होती. १९६९ मध्ये फियॉर्डलँड ट्रॅव्हल या पर्यटन कंपनीने ती भाड्याने घेतली आणि १९८२ मध्ये विकत घेतली. माल गेला, प्रवासी उरले.

आजही ती कोळशावर चालते. तासाला सुमारे एक टन कोळसा, तोही फावड्याने. अशा यंत्रांत कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्सा कामी आला तरी पुष्कळ. बाकी सगळी धुरांड्यावाटे आणि सरोवराच्या पाण्यात जाते. आजच्या काळात हा हिशेब टोचतो, आणि टोचायलाच हवा. तरीही ही यंत्रं काचेच्या कपाटात थंड पडून राहण्यापेक्षा चालती राहावीत असं मला मनापासून वाटतं. यंत्रखोलीवरच्या अरुंद पुलावर उभं राहून प्रवाशांना तीन सिलिंडरांचे दांडे एकापाठोपाठ फिरताना दिसतात, भट्टीचं दार उघडलं की धग तोंडावर येते, वरून घंटेचा हुकूम येतो आणि खालचा माणूस त्याला उत्तर देतो. तीनदा पिळलेली वाफ म्हणजे काय, हे तिथे शाळकरी पोरालाही न शिकवता कळतं.

ज्या रेल्वेसाठी ती बांधली, तिची किंग्स्टनची शाखा बंद पडली आहे. इन्व्हरकार्गिलहून गाडी येत नाही. किंग्स्टनपाशी जुन्या वाफेच्या गाडीसाठी राखलेला रुळांचा छोटा तुकडा तेवढा शिल्लक आहे. बोट क्वीन्सटाउनच्या धक्क्यावरून सुटते आणि समोरच्या वॉल्टर पीकच्या मेंढीवाड्याला जाऊन परत येते.