बचाव वकिलांचे रक्तचाचणी व उलटतपासणी प्रशिक्षण (अमेरिका)

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात सरकार पक्षाचा सर्वांत भक्कम साक्षीदार माणूस नसतो. तो प्रयोगशाळेच्या अहवालातला एक आकडा असतो. हा आकडा कसा तयार होतो ते बचाव पक्षाच्या वकिलाला उपकरणापुढे बसवून शिकवायचे आणि मग ज्यूरीसमोर त्यावर प्रश्न कसे विचारायचे याचा सराव करून घ्यायचा, असे हे दुपदरी प्रशिक्षण आहे. अमेरिकेत ते विशेषतः १९९० च्या दशकानंतर रुजले. त्यामागचे कारण कायद्यात आहे. तिथल्या जवळजवळ सर्व राज्यांत १०० मिलिलिटर रक्तात ०.०८ ग्रॅम मद्यार्क आढळला की गाडी नीट चालवली की वेडीवाकडी, हा प्रश्न उरतच नाही. यूटा राज्याने ३० डिसेंबर २०१८ पासून ही मर्यादा ०.०५ वर आणली. मर्यादेखालीही नशेच्या इतर पुराव्यावर खटला चालू शकतो. पण आकडा मर्यादेवर गेला की बचावाला बोलण्यासारखा मुद्दा बहुधा एकच राहतो, तो म्हणजे खुद्द तो आकडा.

न्यायालयीन कौशल्याचे शिक्षण त्याआधीपासून होतेच. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ट्रायल अ‍ॅडव्होकसीने ‘करून शिका’ ही पद्धत रूढ केली. वकिलाने उभे राहून दहा मिनिटे साक्ष घ्यायची, शिक्षकाने एकच चूक दाखवायची आणि वकिलाने तेच पुन्हा करायचे, अशी ती पद्धत. जेरी स्पेन्स यांनी १९९४ मध्ये वायोमिंगमधल्या आपल्या रँचवर सुरू केलेल्या ट्रायल लॉयर्स कॉलेजचा मार्ग वेगळा होता. तिथे मनोनाट्याचा, म्हणजे प्रसंग अभिनयातून जगून पाहण्याचा, आधार घेत वकिलाला आधी अशिलाच्या जागी उभे केले जाई. १९९५ ची नॅशनल कॉलेज फॉर डीयूआय डिफेन्स (डीयूआय म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणे) ही संस्था अनेक वर्षे उन्हाळ्यात हार्वर्ड लॉ स्कूलच्या आवारात वर्ग भरवत आली. पुढे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या रसायनशास्त्र-कायदा विभागाने शिकागोतल्या अ‍ॅक्सिऑन लॅब्समध्ये वकिलांसाठी प्रत्यक्ष उपकरणांवरचे अभ्यासक्रम सुरू केले. ते पुरे करून परीक्षा देणाऱ्याला ‘लॉयर-सायंटिस्ट’ अशी मान्यता मिळते. बिरुद जरा भारदस्त आहे. आठवडाभराच्या वर्गाने कुणी रसायनशास्त्रज्ञ होत नाही, आणि तसा दावा करणारा वकील पहिल्याच खऱ्या शास्त्रज्ञापुढे उघडा पडतो.

वर्गाची सुरुवात रक्ताच्या नळीपासून होते. करड्या बुचाच्या दहा मिलिलिटरच्या नळीत साधारण १०० मिलिग्रॅम सोडियम फ्लुओराइड आणि २० मिलिग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट अशी पांढरी भुकटी असते. पहिल्याने जंतूंना आळा बसतो, दुसऱ्याने रक्त गोठत नाही. रक्त घेतल्यावर नळी हलक्या हाताने अनेकदा उलटीसुलटी करावी लागते, नाहीतर भुकटी तळाशी बसते आणि वर गुठळी होते. हे काम रात्री दीड वाजता एखादी परिचारिका किंवा रक्त काढणारा कर्मचारी करतो. ते कसे झाले, हे अहवालात क्वचितच लिहिलेले असते.

मोजणीची रूढ पद्धत म्हणजे हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफी. वकील स्वतः थेंबभर रक्त आणि ठराविक प्रमाणात एन-प्रोपेनॉल या तुलनेसाठीच्या दुसऱ्या अल्कोहोलचे द्रावण काचेच्या कुपीत घालतो, रबरी चकती ठेवून वरचे अ‍ॅल्युमिनियमचे टोपण चिमट्याने आवळतो आणि कुपी यंत्राच्या भट्टीत सोडतो. ऊब लागली की मद्यार्क द्रवातून वर उठून मोकळ्या हवेत येतो. यंत्राची सुई तीच हवा ओढते. रक्ताला ती शिवत नाही. एवढ्या एका गोष्टीने अनेक वकील चमकतात, कारण ‘रक्त तपासले’ असे म्हणताना त्यांनी काही वेगळेच चित्र डोळ्यांपुढे ठेवलेले असते. ती वाफ एका लांब, केसासारख्या नळीतून जाते. वेगवेगळी द्रव्ये वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि हायड्रोजनच्या ज्योतीत जळतात. पडद्यावर एकेक शिखर उमटत जाते.

ज्योतीला जळणाऱ्या पदार्थाचे नाव कळत नाही, हा सगळ्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. काहीतरी सेंद्रिय जळले आणि साधारण किती जळले, एवढेच ती सांगते. ते इथेनॉल, म्हणजे दारूतला मद्यार्क, होते, हे ठरते शिखर कोणत्या क्षणी आले त्यावरून. दोन पदार्थ एकाच क्षणी बाहेर पडू शकतात, म्हणून चांगली प्रयोगशाळा दोन वेगळ्या स्तंभांवर, म्हणजे अशा केसासारख्या नळ्यांवर, चाचणी घेते. प्रमाण काढतात ते इथेनॉलच्या शिखराची प्रोपेनॉलच्या शिखराशी तुलना करून. म्हणजे कुपीत प्रोपेनॉल कमी पडले तर अशिलाच्या रक्तातली दारू कागदावर वाढते. प्रमाणित द्रावणे, कोऱ्या कुप्या आणि नियंत्रण नमुने (मद्यार्क किती, किंवा मुळीच नाही, हे आधीच माहीत असलेले) याच कारणासाठी लावलेले असतात. त्या दिवसाच्या संपूर्ण फेरीचे आलेख मागून घ्यायचे, फक्त आपल्या अशिलाचे पान नाही, ही सवय इथे लावली जाते.

रुग्णालयातली चाचणी वेगळी असते. तिथे बहुधा रक्तद्रव तपासतात आणि तेही विकराच्या (एन्झाइमच्या) अभिक्रियेने. मद्यार्क पाण्यामागे जातो, आणि रक्तद्रवात पूर्ण रक्तापेक्षा पाणी जास्त. त्यामुळे रक्तद्रवाचा आकडा सुमारे १२ ते १८ टक्के चढा येतो. रुग्णालयाने ०.०९२ लिहिले असेल आणि १.१६ ने भागले, तर पूर्ण रक्ताचा आकडा ०.०७९ निघतो. इथे एका भागाकाराने गुन्ह्याची रेषा ओलांडली जाते. दुसरा नेहमीचा हिशेब उलट दिशेचा असतो. अटक अकराला झाली आणि रक्त एकला घेतले, तर अकराला किती होते? शरीर तासाला साधारण ०.०१० ते ०.०२५ या वेगाने मद्यार्क निपटते. पण शेवटचा पेला नुकताच घेतलेला असेल तर त्या वेळी आकडा अजून चढत असतो, आणि मागे मोजण्याचा पायाच ढासळतो.

या क्षेत्रात पोकळ युक्तिवादांचाही सुकाळ आहे. ‘नळी अर्धीच भरली, मीठ (म्हणजे नळीतली ती भुकटी) जास्त झाले, म्हणून आकडा फुगला’ हा त्यातला लाडका. मिठाचे प्रमाण वाढले की मद्यार्क जास्त वर उठतो, हे खरे. पण प्रोपेनॉल त्याहून जास्त उठतो, त्यामुळे दोहोंची तुलना केल्यावर आकडा वाढण्याऐवजी किंचित घटतो. चांगला शिक्षक हे वर्गातच मोडून काढतो. रक्तात साखर, यीस्ट आणि ऊब असेल, शिवाय फ्लुओराइड अपुरे असेल तर नळीतच मद्यार्क तयार होऊ शकतो, हा मुद्दा मात्र खरा आहे. पण नमुना कुठे, किती दिवस, किती तापमानात होता याचा पुरावा हाती नसेल तर तो मांडून उपयोग नाही.

दुसरा टप्पा न्यायालयाचा, आणि तोच अवघड. आठवडाभर शिकलेले रसायनशास्त्र नव्वद टक्के टाकून द्यावे लागते. नवशिक्याला सगळे सांगायचे असते आणि ज्यूरी तिसऱ्या मिनिटाला खिडकीबाहेर पाहू लागते. नियम जुनेच आहेत. एका प्रश्नात एकच गोष्ट असावी, प्रश्न असा घालावा की उत्तर ‘हो’च यावे, आणि ‘का’ कधीही विचारू नये. प्रयोगशाळेच्या विश्लेषकाच्या उलटतपासणीचा सराव असा चालतो:

‘ज्योत इथेनॉल ओळखत नाही, बरोबर?’
‘बरोबर.’
‘ओळख पटते ती वेळेवरून?’
‘हो.’
‘ती वेळ त्या दिवशी यंत्रावर तुम्ही बसवली नव्हती?’
‘नाही, सहकाऱ्याने बसवली.’

इथे थांबायचे. यापुढचा प्रश्न मोहाचा असतो, आणि बहुतेक प्रशिक्षणार्थी तिथेच घसरतात.

या संवादातला शेवटचा प्रश्न घटनात्मक आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीने आरोपीला विरोधी साक्षीदारांसमोर उभे राहण्याचा हक्क दिला आहे. प्रयोगशाळेचा अहवालही साक्षच असतो आणि तो देणाऱ्याला पिंजऱ्यात आणावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने मेलेंडेझ-डियाझ खटल्यात (२००९) ठरवले. बुलकमिंग खटला (२०११) तर थेट याच यंत्राचा होता. न्यू मेक्सिकोतल्या एका चालकाच्या रक्तात ०.२१ मद्यार्क आढळल्याचा अहवाल होता. चाचणी घेणारा विश्लेषक दरम्यान बिनपगारी रजेवर पाठवला गेला होता, त्यामुळे सरकारने दुसऱ्याच विश्लेषकाला साक्षीला उभे केले. यंत्राने दिलेला आकडा वाचून दाखवायला कुणीही चालेल, हा युक्तिवाद न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. स्मिथ विरुद्ध ॲरिझोना (२०२४) या निकालाने बदली तज्ज्ञाच्या तोंडून गैरहजर विश्लेषकाची विधाने खरी म्हणून पुढे आणण्याची वाटही अडवली.

अज्ञानाची जबाबदारी वकिलावरही येते. हिंटन विरुद्ध अलाबामा (२०१४) या बंदुकीच्या गोळ्यांच्या खटल्यात तज्ज्ञासाठी जास्त पैसे मागता येतात हेच बचाव वकिलाला माहीत नव्हते, म्हणून त्याने कच्चा तज्ज्ञ घेतला. सर्वोच्च न्यायालयाने हे वकिलीचे काम सदोष ठरवले. तरी पैशाचा प्रश्न सुटलेला नाही. उपकरणांवरचे वर्ग महाग पडतात आणि तिथे खासगी वकीलच जास्त दिसतात. शेकडो प्रकरणे अंगावर असलेल्या सरकारी बचाव वकिलाला आठवडाभर शिकागोला जाणे परवडत नाही.

महाराष्ट्रात असे वर्ग रुळलेले नाहीत, पण प्रश्न ओळखीचे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे अमेरिकी ०.०८ च्या निम्म्याहूनही कमी. अभिनेता सलमान खान यांच्यावरील २००२ च्या वांद्र्यातल्या अपघात खटल्यात कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेने ६२ मिलिग्रॅमचा अहवाल दिला होता. रक्त किती घेतले, कशात ठेवले, मधल्या वेळेत कुठे होते, यावर बचाव पक्षाने दीर्घ उलटतपासणी केली. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, पण १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर तर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली.

मोठा फरक कायद्यात आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २९३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३२९, यानुसार सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल त्याला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. न्यायालयाला वाटले तर ते त्याला बोलावू शकते. अमेरिकेत विश्लेषकाला हजर करण्याचा भार सरकारवर पडतो. इथे त्याला बोलवा म्हणून अर्ज बचावाने करायचा, आणि तो का हवा हे न्यायाधीशाला पटवायचे. त्यासाठी आधी सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा तो अहवाल, वाचता यावा लागतो.